रविवारपर्यंत पुसू नये

शाळेची पायरी न चढलेला फळा तुम्ही पाहिला नसेल, मित्रांनो. मी तसा आहे. माझ्यावर कोणी बाराखडी गिरवली नाही, पाढे लिहिले नाहीत. माझ्या वाट्याला आल्या त्या फक्त तक्रारी, आणि त्यांचा मला अभिमान आहे.

माझा जन्म लालबागचा. गिरणीत सामान ज्या खोक्यांतून येई, त्यांच्या फळ्या लवू सुताराने जोडल्या, रंधा मारला आणि वर काळा रंग चढवला. साल होते एकोणीसशे चोपन्न. 'नवतरुण' या आमच्या फुटबॉल संघाच्या पाठीराख्यांनी तेव्हा नुकतेच मंडळ काढले होते. चाळीच्या तळमजल्यावरच्या त्यांच्या भाड्याच्या खोलीबाहेर मला टांगले. कूपरेजच्या मैदानावर सामना कधी, ट्रामसाठी कुठे जमायचे, ढोल कोणाच्या घरी आहे, हे सगळे मी लोकांना सांगत असे.

पण माझा खरा मान वेगळाच होता. मंडळाचा सचिव शिवा हा गिरणीत कापड विणायचे साचे चालवणारा कामगार, तोंडाने फटकळ आणि मनाने सरळ. त्याने पहिल्याच बैठकीत एक नियम घातला. मंडळाबद्दल ज्याला जे खटकेल, ते त्याने माझ्या उजव्या अर्ध्या भागावर लिहावे. नाव घालायची गरज नाही. रविवारच्या बैठकीत सर्वांसमोर उत्तर दिल्याशिवाय मात्र ते कोणीही पुसायचे नाही.

मग काय विचारता. 'ढोलवाला ताल सोडून वाजवतो.' 'रेफरीच्या आईचा उद्धार करणारे आपले लोक आवरा.' ढोलवाला आठवडाभर रुसला, पण तालावर आला. शिव्या देणाऱ्याला मंडळाने दोन सामने घरी बसवले. गिरणगावात माझ्याइतके खरे बोलणारे दुसरे कोणी नाही, असे मला वाटू लागले. गर्वाचे घर खाली, हे तेव्हा मला ठाऊक नव्हते.

छप्पन सालच्या जानेवारीत संयुक्त महाराष्ट्रासाठी लोक रस्त्यावर उतरले आणि गोळीबार झाला. त्यात दौलतच्या शेजारच्या खोलीतला माणूस गेला. दौलत हा मंडळाचा जुना सभासद, रात्रशाळेत जाऊन अक्षर घोटवलेला. जूनमध्ये फुटबॉलचा हंगाम आला, ढोल पुन्हा बाहेर निघाला, आणि एका मंगळवारी माझ्यावर ठसठशीत अक्षरे उमटली: 'माणसे गोळ्या खातात. मंडळ शिट्ट्या मारते. लाज आहे का?'

अक्षर सगळ्यांच्या ओळखीचे होते. शिवा पहिली पाळी करून आला. त्याने ते वाचले आणि त्याचे डोके फिरले. तो स्वतः मोर्च्यात पाठीवर लाठी खाऊन आला होता.

"मला लाज शिकवतो?" असे म्हणत त्याने शर्टाच्या बाहीनेच ती अक्षरे खसाखसा पुसून टाकली.

त्या दिवसापासून दौलत येईनासा झाला. दुसऱ्या कोणीही माझ्यावर एक अक्षर लिहिले नाही. शिवाला आधी सुटल्यासारखे वाटले. पण लिहिणारे थांबले, तसे येणारेही थांबले. जिथे आपले कोणी ऐकत नाही, तिथे वर्गणी कोण देणार? खोलीचे भाडे थकले. मालकाने महिनाअखेर खोली सोडायला सांगितले. मंडळ राहते की बुडते, असा प्रश्न शिवासमोर उभा राहिला.

अशा वेळी एक कापडाचे व्यापारी, शेठ, आपण होऊन आले.

"शिवाभाऊ, वर्षाचं भाडं माझ्याकडून," ते म्हणाले. "ट्रामचा खर्चपण देतो. फक्त या फळ्यावर माझ्या दुकानाचं नाव रंगवा, पक्क्या रंगात. ते खडूचं रडगाणं बंद करून टाका. बघायला बरं नाय दिसत."

"रविवारी सांगतो," शिवा म्हणाला.

मित्रांनो, मी घाबरलो. खडू अंगावर येतो आणि जातो. पक्क्या रंगाखाली मी कायमचा मुका झालो असतो.

रविवारी जेमतेम वीस माणसे जमली. शिवाने शेठची गोष्ट सांगितली. "घे रे, खोली तरी वाचेल," असे बरेच जण म्हणाले. त्यांतले निम्मे सुभद्राबाईंच्या खानावळीत जेवणारे. त्या बाई मुद्दाम बैठकीला आल्या होत्या, आणि त्यांनी दौलतलाही ओढून आणून दाराशी उभे केले होते.

"आमटी पातळ झाली काय तुमी माझ्या तोंडार सांगतास," त्या म्हणाल्या. "माका राग येता, मी ताट आपटतंय. पण दुसऱ्या दिवशी आमटी घट्ट करतंय. सांगणा बंद झाला, तर मी समजान, हे दुसरी खानावळ बघतत."

शिवा उठला, बाहेर आला आणि त्याने खडू घेतला. दौलतचे तेच शब्द त्याने आपल्या वाकड्यातिकड्या अक्षरात माझ्यावर पुन्हा लिहिले. खाली लिहिले: 'हे मी पुसले. नियम मी मोडला. शिवा.'

"आता उत्तर ऐक, दौलत," तो म्हणाला. "मोर्च्याला आपण सगळे जातो, पण एकेकटे. मंडळ म्हणून कधी गेलो नाही, ही चूक. शंभर माणसं एका तालात ओरडणारी दुसऱ्या कोणाकडे आहेत? पुढच्या मोर्च्याला मंडळ ढोल घेऊन जाणार. पण सामन्यालाही जाणार. तुझा शेजारी गेला, तो कुठल्या संघासाठी घसा बसवून घ्यायचा, ते तुला माहीत आहे."

दौलतचे डोळे भरून आले. "हे तेव्हाच बोलला असतास तर?"

"तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं," शिवा म्हणाला.

शेठना नम्रपणे नकार कळवला. खोली गेली. मी सुभद्राबाईंच्या खानावळीबाहेरच्या भिंतीवर आलो, आणि बैठक फुटपाथवर भरू लागली. लोक पुन्हा आले, वर्गणी पुन्हा आली, आणि हो, टीकाही आली. पुढची चार वर्षे मंडळाचा ढोल मोर्च्यात वाजला आणि कूपरेजवरही वाजला.

साठ सालच्या मे महिन्यात राज्य झाले. रात्रभर लालबाग जागे होते. दुसऱ्या दिवशी कोणीतरी माझ्यावर लिहिले: 'मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. नवतरुणला कप कधी?' रविवारी उत्तर दौलतने दिले. "माहीत नाही," तो म्हणाला. "पण मिळेपर्यंत हे मंडळ बंद होणार नाही."

आता माझा रंग उडाला आहे. आमटीच्या वाफेने माझ्या फळ्या फुगल्या आहेत. मित्रांनो, तुमच्याही मंडळाबाहेर, वर्गाबाहेर माझ्यासारखा एखादा असेल. त्याला वर्षातून एकदा काळा रंग द्या, सांधे आवळा, पावसात आत घ्या. त्याच्यावर फक्त गोड गोड लिहा, असे मात्र कोणाला सांगू नका. ज्याला तुमची पर्वा उरली नाही, तो तुमच्यासाठी खडू कशाला हातात घेईल?