मॅगझिन नंबर एकेचाळीस

"पिस्तुलाचं मॅगझिन किती दिवसांनी साफ करता तुम्ही?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

मिस्त्रींना हसू आलं, पण त्यांनी ते मिशीतच ठेवलं. पोलिसांच्या शस्त्रागारात एकोणतीस वर्षं काढलेल्या माणसाला हे विचारणं म्हणजे न्हाव्याला वस्तरा कसा धरतात ते विचारणं होतं.

"ते दिवसांवर नसतं, साहेब. गोळीबाराचा सराव झाला की त्याच दिवशी. धुळीत पडलं, भिजलं, तरी त्याच दिवशी. आणि नुसतंच कमरेला लटकत राहिलं, तरी तीन महिन्यांनी एकदा उघडायचंच. माणूस घरी बसून आहे म्हणून अंघोळ सोडतो का?"

चौकशीला बसलेल्या तिघांपैकी दोघे हसले. मोठे साहेब हसले नाहीत.

"तेल?"

"आत एक थेंब नाही. पिस्तुलाला तेल, मॅगझिनला कोरडं फडकं. आत तेल गेलं की त्यावर धूळ बसते, त्याचा चिखल होतो, आणि मग खालून स्प्रिंगनं कितीही ढकललं तरी गोळी वर येत नाही."

"मग ही का नाही आली?" साहेबांनी टेबलावरून एक मॅगझिन पुढे सरकवलं. त्याच्या बुडावर पांढऱ्या रंगात एकेचाळीस आकडा होता, मिस्त्रींनीच घातलेला.

नऊ दिवसांपूर्वी एका गोदामाच्या आवारात चोरांचा पाठलाग करताना एका शिपायानं पहिली गोळी हवेत झाडली. दुसरी वर आलीच नाही. समोरच्यानं लोखंडी पहारीनं त्याचा उजवा हात दोन ठिकाणी मोडला. तो शिपाई मिस्त्रींचा जावई होता. खोलीतल्या सगळ्यांना ते ठाऊक होतं आणि कोणीच त्याचा उच्चार करत नव्हतं.

मिस्त्रींनी मॅगझिन रिकामं असल्याची दोनदा खात्री केली. बूड सरकवलं, स्प्रिंग उडू नये म्हणून अंगठा दाबून धरला आणि आतला ऐवज कागदावर काढला. सगळं काळ्या लगद्यानं माखलेलं होतं. बोटाला लागलं ते तेलच. मिस्त्रींचा जीव भांड्यात पडला. हे आपल्या हातचं काम नव्हे, हे आंधळ्यालाही कळलं असतं.

मग त्यांना स्प्रिंगच्या वेढ्यात अडकलेला दोरा दिसला. लगदा पुसला तसा तो हिरवा निघाला.

गेला महिनाभर मिस्त्रींची बायको इस्पितळाचे हिरवे पडदे शिवत होती. घरभर हिरवे दोरे झाले होते, परवा तर मिस्त्रींच्या ताटातही एक निघाला होता. शिवणाचं मशिन बाहेरच्या खोलीत होतं, त्याच्या खणात तेलाची बाटली होती, चिंध्या होत्या. आणि मुलगी-जावई त्याच घराच्या वरच्या मजल्यावर राहत होते.

"हे तुमच्या हातचं?"

"नाही."

"मग कोणाचं?"

मिस्त्रींनी बोटाचं तेल फडक्याला पुसलं. "उद्या सांगतो, साहेब," ते म्हणाले.

"उद्या अकराला. ज्याच्या ताब्यात शस्त्र, त्यानं परस्पर उघडलं असेल तर त्याची नोकरी जाऊ शकते. शस्त्रागाराची चूक असेल तर तुमची. विचार करून या."

संध्याकाळी पाचला मिस्त्री इस्पितळात गेले. जावयाचा हात खांद्यापर्यंत पांढऱ्या पट्ट्यांत होता. मुलगी उशाशी सफरचंद चिरत बसली होती. मिस्त्री स्टुलावर टेकले. घरात ते जावयाला अहो-जाहो करत, शस्त्रागाराच्या खिडकीवर मात्र अरे-तुरे.

"जावईबापू, मशिनचं तेल घातलंत ना?"

जावयानं नजर छताकडे वळवली. "हो, मामा. खाणीवरच्या बंदोबस्तात मॅगझिन धुळीत पडलं. म्हटलं, आपणच पुसू, थोडं तेलपाणी करू. चांगलं सळसळत होतं हो त्या वेळी."

"माझ्याकडे का नाही आणलंत? त्याच दिवशी आणायचं, हे तुम्हाला झोपेतून उठवलं तरी सांगता येईल."

मुलीनं सुरी खाली ठेवली.

"मी सांगते. त्याच्या आधी एकदा आणलं होतं यांनी. तेव्हा आठ माणसांसमोर काय म्हणालात तुम्ही, बाबा?"

मिस्त्रींना आठवत होतं. 'हे मॅगझिन आहे की भंगारवाल्याचं पोतं? माझी पोरगी तरी धड ठेवलीयस ना रे?' असं ते म्हणाले होते. सगळी रांग खो-खो हसली होती. घरी येऊन बायकोलाही त्यांनी ते चवीचवीनं सांगितलं होतं.

"माझं एकट्याचं नाही, मामा," जावई हळूच म्हणाला. "निम्मे लोक शर्टाच्या टोकानं पुसतात आणि तारीख आली की आणतात. तुम्हाला वाटतं, सगळे तुमच्या नियमानं चालतात. तुमचं तोंड चुकवायला लोक काय-काय करतात, तुम्हाला माहीतच नाही."

मिस्त्रींना लाज वाटली. पन्नाशी उलटल्यावर लाज वाटली की ती कुठे ठेवायची ते कळत नाही. ते चष्मा पुसत बसले.

"बाबा," मुलगी म्हणाली, "तुमच्याच हातून तेल पडलं म्हणून सांगा ना. तुमची तीन वर्षं राहिलीत. यांचा हात हा असा. नोकरी गेली तर यांना दारात कोण उभं करेल?"

"तसं सांगितलं तर कागदावर येईल की शस्त्रागारात मॅगझिनला तेल घालतात. उद्या एखादा तेच वाचून तेल घालेल. त्याचाही हात मोडेल, नाहीतर मानच. माझ्याच्यानं ते व्हायचं नाही, बाळा."

मुलीनं पाठ फिरवली. ते निघाले तरी तिनं मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी अकराला मिस्त्री ताठ बसून बोलले. आवाज कुठेही हलला नाही.

"तेल माझ्या जावयानं घातलं. शिवणाच्या मशिनचं होतं. लिहिलंत? आता पुढचं लिहा. त्यानं ते माझ्याकडे आणलं नाही, कारण मी त्याचा चारचौघांत पाणउतारा केला होता. त्याचाच नाही, सगळ्यांचाच करतो. मळलेलं मॅगझिन आणणाऱ्याला मी खिडकीतच सोलून काढतो. म्हणून कोणी येत नाही. हे माझं रजिस्टर. खाणीवर चाळीस माणसं महिनाभर होती, आणि धुळीच्या नोंदी किती? तीन. हे मला त्याच महिन्यात दिसायला हवं होतं. मी समजत होतो, आपली माणसं फार काळजी घेतात."

लेखनिकानं पेन थांबवलं. "हेसुद्धा लिहायचं?"

"सगळं लिहा. अक्षर नीट काढा."

मोठ्या साहेबांनी रजिस्टर स्वतःकडे ओढलं. "तुमच्यावर कोणी आरोप केलेला नाही, मिस्त्री."

"म्हणूनच मी सांगतोय, साहेब."

निकाल पंधरा दिवसांनी आला. जावयाला ताकीद मिळाली आणि हात बरा होईपर्यंत टेबलावरचं काम. नोकरी वाचली. मिस्त्रींना शस्त्रागारातून काढून गणवेशाच्या कोठारात धाडलं, बूट आणि ब्लँकेटं वाटायला. मुलगी निकालाच्या दिवसापर्यंत त्यांच्याशी बोलली नव्हती. त्या दिवशी बोलली, तेही भांडायलाच. मिस्त्रींना तेवढ्यानंही बरं वाटलं.

शस्त्रागार एका हवालदारबाईंच्या ताब्यात द्यायचं होतं. आठवडाभर मिस्त्रींनी त्यांना शिकवलं. कोणत्या स्प्रिंगचा जोर गेलाय, कोणतं मॅगझिन आता फक्त सरावाला ठेवायचं, काठ वाकलेलं कसं ओळखायचं. बाई हुशार होत्या, दुसऱ्यांदा विचारावं लागत नव्हतं.

शेवटच्या दिवशी तीन वाजता खाणीवरून गाडी परतली. पिठाच्या गिरणीतून आल्यासारखी पांढरी फटक माणसं उतरली. मिस्त्रींनी चौकशीत काय लिहून दिलं, ते एव्हाना सगळ्यांच्या कानावर गेलं होतं. त्यांतला एक ढेरपोट्या शिपाई खिडकीशी आला. त्यानं गोळ्या काढून ट्रेमध्ये ठेवल्या, रिकामं मॅगझिन पुढे केलं आणि अंग चोरून उभा राहिला.

"मिस्त्री, आत धूळ गेलीय. आजची नाही. दोन महिने झाले असतील."

मागे कुजबुज थांबली. मिस्त्रींच्या जिभेवर त्या ढेरीवरून एक फक्कड वाक्य आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"आणलंस ते बरं केलंस," ते म्हणाले आणि नंबर लिहून घेतला.

त्याच्यामागे दुसरा आला, मग तिसरा. जे गाडीत बसूनच होते, तेही एकेक करून उतरले. टेबलावरचं फडकं भरलं तसं बाईंनी दुसरं अंथरलं. रांग दरवाजाबाहेर वळून जिन्यापर्यंत गेली होती.

"रोज एवढे येतात?" बाईंनी विचारलं.

"नाही," मिस्त्री म्हणाले. "आज पहिल्यांदाच."

ते उठले, खुर्ची बाईंच्या दिशेनं सरकवली आणि भिंतीला टेकून उभे राहिले.

"पुढचं तुम्ही घ्या," ते म्हणाले.