चिमटीतलं कापड

कोशवालीने कापडाचा तिसरा तुकडा वडिलांच्या हातात ठेवला आणि पेन सरसावलं.

"डोळे मिटा, बाबा. हा कसा लागतो?"

वडील शिंपी. लेक इंग्रजी-मराठी शब्दकोशाच्या कचेरीत, म्हणून त्यांनीच तिला 'कोशवाली' हे नाव ठेवलेलं. 'डाउनी' या विशेषणाने चार दिवस तिच्या नाकी नऊ आणले होते. कोंबडीचं पिल्लू डाउनी, पीचची साल डाउनी, तान्ह्या बाळाचा गालही डाउनी. नुसतं मऊ म्हणावं तर लोणीही मऊच. आज संध्याकाळी त्या शब्दाची नोंद द्यायची होती, आणि मऊपणातला बारकावा बाबांच्या बोटांइतका कुणालाच कळत नव्हता. गिऱ्हाइकाचं कापड ते चिमटीत धरत आणि न बघता जात सांगत.

आज मात्र त्यांनी तुकडा वरच्या ओठावरून फिरवला.

"फ्लॅनेल. एकाच बाजूला लव आहे."

"ओठाने कशाला? बोटांनी सांगा की."

"तुला उत्तर हवंय की तमाशा?"

ती हसली, पण तिला चैन पडेना. तिने त्यांच्या एका हातात गुळगुळीत अस्तर दिलं, दुसऱ्यात कॉलरचं ताठ, खरखरीत बकरम, आणि हात ओठाकडे जाऊ नयेत म्हणून दोन्ही मनगटं अलगद धरून ठेवली. बाबांची बोटं बराच वेळ चाळवत राहिली.

"दोन्ही अस्तरच," ते म्हणाले.

लहान पोरालाही कळला असता असा फरक होता. तिने त्यांचा अंगठा उलटा करून पाहिला. त्यावर टाचण्यांचे लाल ठिपके होते.

"कधीपासून?"

"वर्ष होत आलं. रक्त दिसलं की कळतं टोचलंय." बाबांनी डोळे उघडले नाहीत. "डॉक्टर दुकान बंद करायला लावेल. मग मी दिवसभर करू काय?"

कागद ओढून तिने लिहिलं आणि वाचून दाखवलं, "बारीक लव असलेला, ओठाला कळणारा मऊ."

"ओठाला नाही." बाबांनी मान हलवली. "तू चार दिवसांची होतीस तेव्हा तुझ्या गालावर बोट फिरवलं होतं. ते बोटालाच कळलं होतं."

तिने 'ओठाला' खोडलं. वर 'बोटाला' लिहिलं. पेनाला टोपण लावलं आणि खुंटीवरचा त्यांचा शर्ट काढला.

"चला, उठा. दवाखाना सहापर्यंत उघडा असतो."

"आणि तुझी नोंद?"

"थांबेल ती," ती म्हणाली आणि शर्ट त्यांच्या अंगात चढवून बटणं लावू लागली.