गेल्या दसऱ्याचा बार

“निपल जाम झालंय मावशी. काढून द्या.”

शेवंताबाईंनी मान वर केली नाही. विहारातल्या भोजनदानाचा भलामोठा स्टोव्ह पुढ्यात उघडा पडला होता आणि दहाच्या आत तो धडधडून पेटायलाच हवा होता. आज दसरा, म्हणजे त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. अंगावर ठेवणीतली पांढरीशुभ्र साडी, आणि तिला काजळी लागू नये म्हणून पोटाशी बांधलेलं गोणपाट.

“ठेवा तिथं. पंप चालतोय न्हवं?”

“पंप?”

“वायसर सुकलं असंल तर आत्ताच सांगा. मागनं बोंब नको.”

“मावशी, बंदूक हाय ही.”

आता मात्र मान अशी झटक्यात वर आली की चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरला. समोर तिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेला माणूस उभा होता आणि त्याच्या हातातल्या घोंगड्यातून हातभर लोखंडी नळी बाहेर डोकावत होती.

त्याचं नाव जोतीराम. पन्हाळ्याखालच्या गावातून पहिल्या एस.टी.नं आला होता. बंदूक पणज्याच्या वेळची, ठासणीची. तोंडातून दारू ओतायची, वर चिंधी ठासायची, मागच्या बारक्या निपलवर तांब्याची टोपी बसवायची. घोडा पडला की टोपी फुटते, ठिणगी निपलातून आत शिरते आणि बार उडतो. गावात सोनं लुटायच्या आधी ह्यांच्या घरचा सलामीचा बार व्हायचा, मग माणसं आपट्याकडे धावायची.

“आज न्हाय उडाली तर सलामीचा मान चुलत्याच्या घरात जातोय. बंदुकीवाला म्हणतोय, ड्रिल मारतो. मारलं आन् आटं गेलं तर?”

“म्हणून आलासा स्टोव्हवालीकडं?”

“तुमच्या पाटीवरच लिवलंय की.”

लिहिलं होतंच. ‘जाम झालेले निपल काढून मिळेल.’ शेवंताबाईंच्या नवऱ्यानं, दादासोंनी, स्वतःच्या हातानं रंगवलेली पाटी. ते गेले तेव्हा मंगळवार पेठेनं कुजबुज केली, बाईमाणसाला काय जमणार! बाईमाणसानं बावीस वर्षं हजारो निपलं काढली. एकाचाही आटा घालवला नाही. आता घरोघरी गॅस आलाय आणि दुकानात चहाच्या गाड्यांचे नि खानावळींचे तेवढे स्टोव्ह येतात, ही गोष्ट वेगळी.

“लायसन हाय?”

“हाय की. पीक संरक्षणाचं. आबा, माझं वडील, चैतात गेलं, आता माझ्या नावावर चढलंय.”

“आन् भरलेली न्हाय न्हवं?”

“छ्या!”

“नीट सांगा पावणं. स्टोव्हची टाकी मी उलटी करती, हलवून बघती, मगच आच लावती. हिला कशी हलवू?”

“गेल्या दसऱ्याला आबांनी बार काढलाय. साऱ्या गावानं ऐकलाय. आईशप्पथ!”

आईची शपथ म्हटल्यावर पुढे काय विचारणार? डाव्या मनगटावरचा जुना भाजल्याचा चट्टा शेवंताबाईंनी नकळत चोळला. तोही असाच, ‘टाकी रिकामी हाय’ म्हणणाऱ्या एका गिऱ्हाइकाचा प्रसाद.

दुकान कसलं, कपाटच ते! व्हाइसमध्ये बंदूक आडवी आवळायची तर नळीचं तोंड रस्त्याकडेच येत होतं. आणि रस्त्यावर धोंडुबाईचा झेंडूचा ढीग, भोवती दसऱ्याची झुंबड, पिशव्या, सायकली, कडेवरची पोरं. शेवंताबाईंनी नळी होईल तेवढी भिंतीकडे तिरकी केली. होईल तेवढी म्हणजे वीतभर.

रॉकेल सोडलं, थांबल्या. हलक्या हातोडीनं टिचक्या मारल्या. स्टोव्हची जाडी चावी कानशीनं घासून निपलच्या मापाची केली आणि फिरवली. ढिम्म नाही. शेवटी ब्लोलॅम्प पेटवला. निळी ज्योत फुरफुरत निपलच्या बुडाशी लागली.

समोरून धोंडुबाई ओरडली, “शेवंता, कुणाला मारतीस गं? माझ्या गिऱ्हाइकाला नको, माझ्या नवऱ्याला मार. त्यो बग चा पितोय तिकडं!”

सगळी झुंबड हसली. जोतीराम हसला नाही.

लोखंड तापलं, चावी लावली, तरी निपल जागचं हललं नाही. दुसऱ्यांदा ज्योत लागली. वाटेतलं पोतं बाजूला करायला जोतीराम पुढं आला आणि दोन पावलांची वाट सोडून बंदुकीच्या दस्त्याकडून वळसा घालून गेला. परत येतानाही तसाच. मघाशी पाणी प्यायला उठला होता, तेव्हाही. नळीच्या तोंडापुढून हा माणूस एकदासुद्धा गेला नव्हता.

रिकाम्या बंदुकीला कुणी एवढा वळसा घालत नाही.

“आन् किती तापवायचं मावशी?” त्याचा आवाज चिरका झाला होता.

शेवंताबाईंनी ब्लोलॅम्प बंद केला. फुरफुर थांबली आणि बाहेरचा गलका एकदम कानावर आदळला. बंदुकीच्या नळीखाली खोचलेला, दारू ठासायचा गज त्यांनी उपसला. टाकीत रॉकेल किती उरलंय ते त्या काडी घालून बघायच्या, तसंच. अंग बाजूला ठेवून, नुसत्या दोन बोटांनी त्यांनी गज नळीत सोडला. शेवटी लोखंडावर लोखंड वाजायला हवं होतं. मऊ लागलं. तोंडाशी नखानं खूण धरून गज बाहेर काढला आणि नळीच्या अंगाला लावला.

निपलपर्यंत पोचायला चार बोटं कमी.

चार बोटं काहीतरी आत होतं आणि त्याच्या बुडाशी लोखंड निळं पडेपर्यंत तापलं होतं.

पुढं काय झालं ते त्यांच्या हातांनीच केलं. व्हाइस सैल. बंदूक पोटाशी. तीन पावलं. गळती बघायच्या पाण्याच्या पिंपात दस्त्याकडून ती अशी खुपसली की निपलसकट सगळं मागचं अंग बुडालं आणि नळीचं तोंड वर छपराच्या पत्र्याकडे झालं. फस्स! वाफेचा लोट उठला. दुसऱ्या हातानं तांब्यानं नळीच्या तोंडात पाणी. एक तांब्या, दोन, पाच. सातव्याला नळी भरून पाणी पदरावर सांडलं.

“काय गं झालं?” धोंडुबाई.

शेवंताबाईंनी तांब्या खाली ठेवला.

“काय न्हाय. गळती बघतीया.”

मग त्या जोतीरामकडे वळल्या. हळू बोलल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं, असं त्यालाही वाटलं असावं.

“ती पोरगी बघा. पिवळ्या झग्यातली. झेंडू निवडतीया. बघा की तिकडं!”

त्यानं बघितलं. आणि सांगून टाकलं.

“गेल्या साली उडलीच न्हाय मावशी. आबांनी दोन टोप्या लावल्या. हात कापत हुते त्यांचं, दारू दमट झालती का काय म्हाईत. समदा गाव बघतोय, चुलता बघतोय... मी देवळामागं सुतळी बॉम्ब लावला. आबांनी बंदूक आभाळाकडं धरलेली. लोकास्नी वाटलं, उडाली.”

“आन् आबांस्नी?”

“त्यास्नी बी तसंच वाटलं. लई खूश हुते. त्यांनी घरात येऊन बंदूक खुंटीला लावली, ती लावली. मी कुणाला सांगितलं न्हाय. आबांस्नी बी न्हाय.” त्यानं नाक पुसलं. “वाटलं, वरसात दारू मेली असंल.”

“दारू मरत न्हाय. माणसं मरत्यात.”

पिंपातून बुडबुडे यायचे थांबले तेव्हा शेवंताबाईंनी बंदूक बाहेर काढली, पुन्हा आवळली, ह्या वेळी तोंड वर करून. चावी लावली. तापून एकदम गार झालेल्या लोखंडानं हट्ट सोडला होता. किर्र केलं आणि निपल फिरलं. अख्खं, एकही आटा न जाता. मागोमाग शाईसारखं पाणी गळलं. एरवी ह्या क्षणाला त्यांना केवढा आनंद व्हायचा! आज त्यांनी निपलच्या भोकात स्टोव्हची पिन घालून ते साफ केलं आणि नुसतं जोतीरामच्या हातावर ठेवलं.

“संध्याकाळी उडंल?”

“नळी सुकवून, तेल देऊन उडंल. पर आधी गज घालायचा. दर येळी. कुणी का शप्पथ घालंना.”

“व्हय.”

गजाच्या टोकाला तारेचा आकडा बांधून त्यांनी नळीत घातला, फिरवला, हळूहळू ओढला. काळा चिखल आला, त्याच्या मागून ठासलेल्या चिंधीचा बोळा. “टाका ह्यात,” म्हणत त्यांनी कचऱ्याचा डबा पायानं पुढं सरकवला.

जोतीरामनं बोळा पिळला. दोन्ही हातांनी उलगडला. काजळीखाली कडेला बोटभर गुलाबी रंग शिल्लक होता.

“आबांचा पटका,” तो म्हणाला. “स्वतःचाच फाडायचे. दुसरी चिंधी चालायची न्हाय त्यास्नी.”

त्यानं त्या चिंधीची बारीक घडी केली आणि शर्टाच्या खिशात ठेवली. पांढऱ्या इस्त्रीच्या खिशावर काळं पाणी पसरत गेलं. शेवंताबाईंनी डबा पायानंच परत बाकड्याखाली ढकलला.