हळद रक्त ओकते!

आष्ट्याच्या समाजमंदिराच्या ओट्यावर तीसेक बायका एका मोबाईलभोवती दाटीवाटीने बसल्या होत्या. पडद्यावर वाईच्या शिवांजलीताई थेट बोलत होत्या. आवाज साखरेत घोळलेला. दोन वर्षांपूर्वी त्या पुरणपोळीचं सारण शिकवायच्या. हल्ली कुणाच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही, ते शिकवतात.

“सख्यांनो, मी काही पुढारी नाही, तुमची धाकटी बहीण आहे. भाषणं पुरुष करतील, घर आपण राखायचं. परधर्माच्या हातून भरलेल्या बांगड्यांवर आधी मी पाठवलेली विभूती चोळा, मग ओली हळद लावा. भरणाऱ्या हातात विष असेल, तर हळद रक्त ओकेल!”

रंगूबाईंनी सुनेचा, रेश्माचा हात पुढे ओढला. रेश्माला सातवा महिना. परवाच डोहाळजेवणाला जैबूनभाभी मणेर यांनी तिला हिरवा चुडा भरला होता. रंगूबाईंनी विभूती चोळली, हळद लावली. पिवळी हळद बघता बघता लाल झाली.

“आगं बया! पोटातल्या लेकरावर उठली की ही!” रंगूबाई किंचाळल्या. रेश्मा रडायलाच लागली.

“वाढवा त्या बांगड्या!” अंकिता उठली. ताईंच्या आष्ट्यातल्या गटाची ती प्रमुख. एके काळी माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसायची. “अन् तिचं दुकान आजच बाजारातनं उठवायचं. चला गं, व्हिडिओ काढा!”

रस्त्यापलीकडे आठवडी बाजारात जैबूनभाभी बांगड्यांचे तोडे घाईघाईने पेटीत भरत होत्या. ओट्यावरच्या निम्म्या बायकांना लग्नाचा चुडा त्यांनीच भरलेला.

मीही ओट्याच्या कडेला होते; शाळेत विज्ञान शिकवते. वर्गाबाहेर चारचौघींत बोलायची मला सवय नाही. तरी पुढे झाले.

“अंकिता, तुझ्या हातातलं कडं कुणी दिलं?”

“ताईंनी. मंत्रून पाठवलंय.”

“त्याला लाव विभूती.”

“बाई, त्याला कशाला?”

“मंत्रलेलं आहे ना? मग भ्यायचं कशाला?”

तिने रागारागाने विभूती चोळली, वर हळद फासली. कडं लाल झालं.

“म्हंजे ताईच्याबी हातात इष हाय व्हय गं?” रंगूबाईंनी विचारलं, आणि मागे कुणीतरी फिसकन हसलं.

शेजारच्या भाजीवालीचं लिंबू घेऊन मी रेश्माच्या चुड्यावर पिळलं. हळद पुन्हा पिवळी.

“इष उतरलं! बाईंच्या हाताला गुण हाय!” रंगूबाई म्हणाल्या.

“माझ्या हाताला काही नाही!” मी जवळजवळ ओरडले. “त्या राखेत धुण्याचा सोडा कालवलाय. सोडा, चुना, साबण, काहीही लागलं की हळद लाल होते. आंबट लागलं की परत पिवळी.”

रंगूबाई थबकल्या. “आवं, खरंच की. पातळावरच्या हळदीच्या डागाला साबण लावला की असाच लाल हुतो. रोज बघतोय आमी.”

“रोज बघता. पण कुणाच्या हातावर संशय घ्यायचा ते ताईंनी आधी सांगितलं, म्हणून तुम्ही तेवढीच बांगडी तपासली. दुसरी एकीनेही नाही.”

कुणीतरी काढलेला कड्याचा व्हिडिओ अंकिताने ‘हे कसं काय?’ असं विचारत ताईंच्या मोबाईलवरच्या गटात टाकला. ‘विकली गेलीस का?’, ‘तू आपली नव्हतीसच’ असे निरोप धडाधड येऊ लागले. पाचव्या मिनिटाला तिला गटातून काढून टाकलं. ती पडद्याकडे बघत राहिली.

“बाई, दोन वर्षं रोज सकाळी पयल्यांदा ह्यांच्याशी बोलत हुते मी.”

तेवढ्यात जैबूनभाभी रस्ता ओलांडून आल्या. ओट्यावर चढल्या नाहीत.

“फुडच्या बाजाराला येऊ का नको, तेवढं सांगा.”

बायका एकमेकींकडे बघू लागल्या. रेश्माने नुसती मान हलवली, ये म्हणून. रंगूबाईंनी तिला अडवलं नाही. पण स्वतः हळदीचे हात पदराला पुसत राहिल्या.

हळद लाल का होते, हे मी सांगू शकते. भाभींना उत्तर गावाने द्यायचं आहे, आणि ते अजून पुरतं आलेलं नाही. म्हणून सांगते: गोड आवाजात कुणी शेजारणीचा हात तपासायला सांगितलं, तर तीच परीक्षा आधी सांगणाऱ्याच्या हातावर करा.