जुनं चाक, नवे शॉकअप

जावई जबडा तारांनी बांधून हॉस्पिटलात पडलाय आणि मिस्त्री दुकानात येईल त्याला सांगतायत, "ब्रेक दाबायलासुद्धा अक्कल लागते." ही काय माणसाची रीत झाली? सायकलीत हवा भरायला आलेल्याला तेच, दूध टाकणाऱ्याला तेच. काल तर रस्ता विचारायला थांबलेल्या परक्या माणसाला उभं करून सगळी कथा ऐकवली आणि वर त्याच्याकडून मान डोलावून घेतली. मालकीणबाई गल्ल्यामागच्या स्टुलावर बसून हे ऐकत होत्या आणि गप्प होत्या. त्यांना ओळखणारं कुणीही सांगेल, की ही बाई गप्प बसली म्हणजे काहीतरी बिनसलंय.

दुकानाला पाटी होती, पण ती कुणी वाचत नसे. लोक म्हणायचे, मिस्त्रींकडे जा. सगळे नवऱ्याला मिस्त्री म्हणतात म्हणून मालकीणबाईही मिस्त्रीच म्हणायच्या, फक्त त्यांच्या तोंडी त्या शब्दाला कधी मान असायचा, कधी धार. स्वतः त्या शाळेत अक्षरं जुळवण्यापुरत्या गेल्या होत्या. पण कुठली गाडी कुणाची, किल्ली कुठल्या खिळ्यावर, कोण गोड बोलून टोपी घालणार, हे सगळं तोंडपाठ. लग्न होऊन आल्या आल्या त्यांनी एक शिस्त लावली होती: गिऱ्हाइकाच्या हातात किल्ली द्यायची ती त्यांनीच. मिस्त्री गाडी करणार, सोडणार त्या.

ज्या गाडीनं घात केला ती मिस्त्रींनी तरुणपणी बांधलेली डर्ट बाईक. उंच, सडपातळ, दिवे नाहीत, आरसे नाहीत, नुसती दगडाच्या खाणीत चढउतारावर उड्या मारायला केलेली. मिस्त्रींच्या गुडघ्यांनी संप पुकारला तेव्हा ती जावयाकडे आली. जावई लाकडाच्या वखारीत कामाला. बोलायला कमी, खायला बेताचा, सासूच्या टोमण्यांना हसणारा. मालकीणबाईंना त्याच्यात खोट काढायची फार इच्छा होती, पण सापडत नव्हती. सुट्टीच्या दिवशी तो गाडी घेऊन खाणीत जायचा आणि दुसऱ्या दिवशी त्याला चहाचा कप धरवायचा नाही. जुने शॉकअप कसले, नुसते दोन दांडके. प्रत्येक दगड थेट मनगटात.

"बाबा," एकदा त्यानं भीत भीत विचारलं, "हिला नव्या गाडीचे पुढचे शॉकअप बसतील का हो?"

"बसतील का?" मिस्त्री म्हणाले. "न बसायला काय झालंय? विचारतोयस कुणाला?"

भंगारवाल्याकडे एक नवी गाडी आली होती, भिंतीवर जाऊन आदळलेली. तिचं पुढचं चाक वाकून आठ झालेलं, डिस्क ब्रेकचा चुरा, पण शॉकअपचे दोन्ही पाय आणि त्यांना वर धरून ठेवणारी टी शाबूत. मिस्त्रींनी ते पाय हातात घेऊन डोळ्यासमोर धरले, फिरवले, खाली-वर दाबले. दुकानात परत आले ते गुणगुणतच. टीची दांडी जुन्या गाडीच्या मानेत बसेना, म्हणून लेथवाल्याकडून नवीतली दांडी दाबून काढली आणि जुनीच नव्या टीत दाबून बसवली. चाकही जुनंच ठेवलं, जुन्या ड्रम ब्रेकसकट. आसाच्या दोन्ही बाजूंची फट भरायला लेथवाल्यानं बुश, म्हणजे लोखंडी कड्या करून दिल्या. सगळं कसं अंगावर शिवल्यासारखं बसलं. लेथवाला म्हणाला, "मिस्त्री, तुमची नजर अजून तीच आहे." मिस्त्री चार दिवस पोरासारखे वागत होते, आणि मालकीणबाईंच्या छातीवरचा दगड चार दिवस हलका झाला होता.

कारण तो दगड होता, आणि तो त्यांच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हता.

मिस्त्रींची एक सवय होती. बोल्ट आवळून झाला की त्याच्या डोक्यावर ब्रशनं पिवळ्या रंगाची टिकली द्यायची. टिकली लागली म्हणजे आता देव आला तरी तो बोल्ट सुटणार नाही, असं गिऱ्हाईक छातीठोक सांगायचं. मागच्या वर्षी केव्हातरी मालकीणबाईंचा पदर एका स्कूटरच्या चाकात अडकला, म्हणून त्या खाली वाकल्या, आणि टिकली लावलेला नट त्यांच्या बोटांनी फिरला. नुसत्या बोटांनी. त्या दिवशी मिस्त्री जेवून आडवे झाल्यावर पाना घेऊन त्या स्कूटरजवळ बसल्या आणि प्रत्येक टिकली तपासली. तेव्हापासून रोज. दार लोटून, धाप लागेपर्यंत, म्हातारी बाई जमिनीवर बसून एकेक नट आवळायची, हात रॉकेलनं धुवायची आणि चारच्या चहाला मिस्त्रींना विचारायची, "मग काय, आज काही दिवे लावलेत की नाही?" मिस्त्री हसायचे. त्यांचं नाव या रस्त्यावर जसंच्या तसं उभं होतं. ते तसं राहावं यासाठी मालकीणबाई जमिनीवरच काय, चिखलातही बसल्या असत्या.

डर्ट बाईकही त्यांनी तपासली होती. टीचे दोन बोल्ट सैल निघाले. ते अंगाचा भार टाकून आवळले. बाकी सगळं घट्ट. मग जावयाला बोलावलं, किल्ली त्याच्या हातावर ठेवली आणि म्हणाल्या, "घेऊन जा. आणि आता तरी कप धरता आला पाहिजे."

दुकानासमोर उतार आहे. जावई गाडी सुरू करून त्या उतारावरून निघाला, शॉकअप कसे मऊ चाललेत हे दाखवायला मुद्दाम एका खड्ड्यातून गेला, मागं वळून हसला. खालच्या वळणावर त्यानं पुढचा ब्रेक दाबला. चाक एकदम जागीच थांबलं, आणि जावई हँडलवरून पुढं तोंडावर पडला.

*

हॉस्पिटलात लेक खाटेच्या कडेला बसलेली होती. जावयाचं तोंड सुजून भोपळा झालेलं, दात तारांनी आवळलेले. त्यानं सासूला पाहिलं आणि उजवा हात वर करून एक बोट हवेत गोल गोल फिरवलं.

"चक्कर येतेय त्यांना," लेक म्हणाली. "सकाळपासून असंच करतायत. डॉक्टरांना दोनदा सांगितलं."

जावयानं मान हलवली आणि परत बोट फिरवलं. मग डोळे मिटून पडून राहिला. त्याच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी उशीवर गेलं. ते दुखण्याचं होतं की आणखी कशाचं, हे विचारायची सोय नव्हती.

बाहेरच्या बाकावर लेकीनं हळूच विषय काढला. "आई, रागावू नकोस. बाबा काही विसरले, म्हणजे... काही बसवायचं राहिलं असेल का गं? परवा मला त्यांनी आत्याच्या नावानं हाक मारली."

"जीभ आवर," मालकीणबाई म्हणाल्या. "तुझ्या बापानं बांधलेल्या गाड्या तुझ्या जन्माच्या आधीपासून रस्त्यावर धावतायत. एक तरी पडली? तुझ्या नवऱ्याला मागं वळून हसायला कुणी सांगितलं होतं?"

लेकीनं आईकडं नुसतं पाहिलं आणि उठून आत गेली. मालकीणबाई बसमध्ये बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की आपण मिस्त्रींचंच वाक्य वेगळ्या शब्दांत बोलून आलो.

दुकानात शिरल्या तेव्हा मिस्त्री आत झोपलेले होते. डर्ट बाईक भिंतीला टेकून होती, हातगाडीवरून आणून टाकली तशीच. मालकीणबाईंनी पाना घेतला आणि खाली बसून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. टी घट्ट. आस घट्ट. शॉकअप घट्ट. कुठंही काही सैल नाही. क्षणभर त्यांना बरं वाटलं, नाही असं नाही. म्हणजे जावयाचीच चूक.

मग त्यांना ब्रेकची केबल दिसली. ती आसाभोवती वेढे घेऊन तुटलेली होती, रिळावर दोरा गुंडाळावा तशी. केबल आपणहून कशाला गुंडाळेल? त्यांनी गाडीखाली खोकं सरकवलं, चाक अधांतरी केलं, एका हातानं गर्रकन फिरवलं आणि दुसऱ्या हातानं चाकाजवळचा ब्रेकचा दांडा, ज्याला केबल जोडलेली असते तो, ओढला. चाक थांबायला हवं होतं. थांबलं नाही. चाकाच्या पोटातली ब्रेकची गोल प्लेट, जी जागच्या जागी उभी राहायला हवी, तीच चाकाबरोबर फिरायला लागली. गोल, गोल.

जावयाचं बोट.

कोपऱ्यात जुने शॉकअप पडले होते. मालकीणबाईंनी त्यातला एक पाय ओढून उजेडात आणला. खालच्या टोकाला अंगठ्याएवढी खुंटी होती. आयुष्यभर ही गाडी पुसताना फडकं तिथं अडकायचं आणि त्या चरफडायच्या. आता त्यांनी पाहिलं, प्लेटला एक खाच होती, बरोबर त्या खुंटीच्या मापाची. ही खुंटी त्या खाचेत बसायची आणि प्लेटला धरून ठेवायची. नवे पाय डिस्क ब्रेकच्या गाडीचे. त्यांना खुंटीची गरजच नव्हती. खालपासून वरपर्यंत गुळगुळीत, देखणे. कुणीतरी तिथं काहीतरी जोडायला हवं होतं, ते जोडलंच नव्हतं. आणि जे नाहीच, ते पान्यानं आवळून कसं सापडणार? वर्षभर त्या जमिनीवर बसून सैल काय ते शोधत आल्या होत्या.

"काय करतेस गं तिथं?" मिस्त्री डोळे चोळत दारात उभे होते.

"इकडं या," त्या म्हणाल्या. "हे बघा जरा."

मिस्त्री गुडघा धरत खाली बसले. त्यांनी चाक फिरवलं, दांडा ओढला, प्लेट फिरताना पाहिली. त्यांचा चेहरा एकदम पूर्वीसारखा झाला, कडक, लक्ष एकवटलेला. बोट नव्या पायावरून खाली गेलं, खुंटी जिथं असायला हवी तिथं थांबलं, आणि तिथं काहीच नाही म्हणून परत वर आलं.

"प्लेट मोकळीच आहे," ते म्हणाले. "ब्रेक दाबला की ती फिरणार, केबल गुंडाळून चाक जाम होणार आणि माणूस तोंडावर जाणार." मग रागानं बायकोकडं बघत म्हणाले, "कुठल्या गाढवानं बसवलंय हे?"

मालकीणबाईंनी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. मिस्त्री खरंच विचारत होते.

"असल्या लोकांच्या हातात पाना देऊ नये," ते उठता उठता म्हणाले. "जीव जातो एखाद्याचा." आणि हात पुसत बाकावरच्या कामाकडं वळले.

बाकाजवळ शिंपीणबाईंची स्कूटर होती, सकाळी ब्रेक बदलायला आलेली. आणि शिंपीणबाई दारातच उभ्या होत्या. त्यांची म्हातारी आई पायरीवर टेकली होती, मांडीवर कपड्यांचं गाठोडं.

"झाली का हो मिस्त्री? आईला मागं बसवून न्यायचीय, अंधाराच्या आत पोचायला हवं."

"झाली म्हणजे काय, कधीच झाली," मिस्त्री म्हणाले. "पुढचे-मागचे, दोन्ही ब्रेक नवे. खाणीत उतरवलीत तरी थांबेल. नाहीतर आमचे जावई. ब्रेक दाबायलासुद्धा अक्कल लागते, बाई."

शिंपीणबाई हसल्या आणि सवयीनं मालकीणबाईंपुढं हात केला. किल्ली खिळ्यावर होती. मालकीणबाईंनी ती काढली आणि मुठीत धरली. बाईला चहाला बसवता आलं असतं. मिस्त्रींना आत पाठवून, घाईघाईनं का होईना, सगळे नट पाहता आले असते. रोज पाहतात तसे. आणि मग ही बाई आईला मागं बसवून त्याच उतारावरून गेली असती.

"काय झालं?" शिंपीणबाई म्हणाल्या. "काही राहिलंय का?"

"किल्ली मिळायची नाही," मालकीणबाई म्हणाल्या. "गाडी राहू दे इथं. उद्या लेथवाल्याला बोलावून सगळी उघडून बघते. तोवर आईला घेऊन बसनं जा."

"अगं, वेड लागलं का तुला?" मिस्त्री म्हणाले. "गिऱ्हाइकासमोर हे काय? मी केलंय म्हटल्यावर बघायचं काय राहिलं?"

मालकीणबाई स्टुलाकडं गेल्या नाहीत. त्या नवऱ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. शिंपीणबाई ऐकत होत्या, पायरीवरची म्हातारीही वळून बघायला लागली होती, आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या रस्त्याला कळणार होतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आवाज त्यांनी उगाच खाली आणला नाही.

"मिस्त्री, कुठल्या गाढवानं बसवलं विचारलंत ना? तुम्ही बसवलंत. त्या पोराला अक्कल आहे. तुमची जायला लागलीय, आणि मी वर्षभर तुमच्यामागं पाना घेऊन फिरत ते झाकत आले, म्हणून तो आज नळीनं जेवतोय. तुमच्याएवढा कारागीर मी पाहिला नाही. पण तो आता नाही. यापुढं तुमच्या हातची गाडी मी या दारातून सोडणार नाही. रागवायचं तर रागवा, उद्या विसराल तर उद्या परत सांगेन. रोज सांगेन. हात धुऊन घ्या, आपल्याला हॉस्पिटलात जायचंय, आणि तिथं तोंड उघडायचं ते फक्त माफी मागायला."