उशीवरचे स्वर

माझ्या कानांतून स्वर गळतात. सकाळी ते उशीवर पडलेले असतात. पांढरे, ओले, जंतांसारखे. आधी वाटलं, माझंच काही चुकत असेल. उशी उलटी करून पाहिली. त्या बाजूलाही होते.

पहिले पडले ते केसाइतके बारीक होते आणि मुळीच हलत नव्हते. बोट लावलं तर कोपरापर्यंत मुंग्या आल्या. मग ध्वनीवरचं पुस्तक काढून पाहिलं. स्वर जितका उंच तितकी कंपनं जलद. म्हणजे ते हलत होते, फक्त माझ्या डोळ्यांना पकडता येऊ नये इतक्या वेगानं. त्याच दिवशी रातकिडे गप्प झाले. पुढे जरा जाड एक पडला आणि कुकरची शिट्टी गेली. वरण करपेपर्यंत मी शेजारीच वाचत बसलो होतो.

शालन, माझी पत्नी, ते चिमट्यानं उचलून लोणच्याच्या रिकाम्या बरणीत टाकायची. बरणीला आतून बुळबुळीत घाम सुटला. झाकण लावलं तरी नासक्या दुधाचा वास स्वयंपाकघरभर यायचा.

बरणी घेऊन आम्ही कान तपासणाऱ्या बाईंकडे गेलो. त्यांनी ती हुंगली.

"शिळे झालेत हे. वयाबरोबर वरचे स्वर आधी जातात, आजोबा. मग खालचे."

"परत बसवता येतात का?" मी विचारलं. विचारल्यावर लाज वाटली.

"ताजा असेल तर. पडल्या पडल्या गिळायचा. धुवायचा नाही, चावायचा नाही."

मला तिथेच उमासा आला. बाईंनी सवयीनं बेसिनकडे बोट केलं.

"आणि माझा आवाज?" शालननं विचारलं.

"तुमचा थोडा खाली आहे. पण त्याचाही नंबर येईल. तो गेला की यांना तुमचं काहीच ऐकू येणार नाही."

परतताना रिक्षात शालन म्हणाली, "पुस्तकात लिहिलेलं असतं तर चाटूनपुसून खाल्लं असतंत." तिच्या बोलण्यातले स आणि च मला ऐकू आले नाहीत. ते मी तिच्या ओठांवरून भरून घेतले.

रोज सकाळी ती एक उचलून माझ्यासमोर धरायची. "अहो, डोळे मिटा. एरंडेल घेतलंयत ना लहानपणी?" मी तोंडावर टॉवेल धरायचो. उद्या नक्की, म्हणायचो. मला स्वतःलाही ते खरं वाटत नसे.

मग एके सकाळी उशीवर गांडुळाएवढा एक पडला होता. सावकाश वळवळत होता. शालन काहीतरी बोलली. नुसते ओठ हलले. ती पुन्हा बोलली. मग तिनं उशीकडे पाहिलं.

या वेळी तिनं चिमटा घेतला नाही. तळहातावर घेऊन तो तिनं माझ्या ओठांना लावला. कोमट होता. मी दात आवळले. तो दातांवर थरथरला आणि कवटीच्या आतून शालनची हाक आली. "अहो." अगदी स्पष्ट, च आणि स ऐकू येत होते तेव्हाच्यासारखी.

तोंड उघडावं असं ठरवलं होतं. मी थुंकलो.

तो भिंतीवर कॅलेंडरच्या वर चिकटला. ट्यूबलाइटमागून पाल आली आणि तिनं तो गिळला. शेपटाकडचा थोडा भाग तिच्या तोंडाबाहेर लोंबत राहिला. तिचा गळा फुगला.

"अहो," पाल शालनच्या आवाजात चुकचुकली. ते मला कानांत नाही, दातांत ऐकू आलं.

पाल चुकचुकली की बोललेलं खरं होतं, म्हणून शालन नेहमी बोटानं तीनदा टकटक करते. आताही तिनं जवळच्या स्टुलावर बोट आपटलं. मग ते स्टूल उचलून तिनं भिंतीखाली ठेवलं आणि दोन्ही हातांनी घट्ट धरलं.

मी वर चढलो. पाल हलली नाही. जवळून तिच्या पोटातलं सगळं दिसत होतं.

तळपायांखाली तीनदा टकटक झाली. मी डोळे मिटले आणि तोंड उघडलं.