काटा अठ्ठावीसवर

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना इन्क्युबेटर आहे आणि पहिल्यापासून भित्रा आहे. लोखंडी कपाटाएवढं अंग असून भितो कसला, असं तुम्ही म्हणाल. पण माझ्या पोटात सूक्ष्म जीव वाढतात आणि त्यांना नेमकी ऊब लागते. ती फार वाढली तर ते मरतात, आणि मला ओरडता येत नाही.

नवा होतो तेव्हा माझा पांढरा रंग झळकत असे. वीस वर्षं मी इमानेइतबारे काम केलं. "याचा काटा अठ्ठावीस अंशांवरून तसूभर हलत नाही," असं संशोधक बाई पाहुण्यांना कौतुकानं सांगत. आधी मी फुलून जाई. पुढे मात्र त्या कौतुकाचीच भीती वाटू लागली, कारण काटा अडकला होता.

अशात हुमणी आली. हुमणी म्हणजे भुंगेऱ्याची अळी. ती जमिनीखाली गवताची मुळं कुरतडते. बाईंच्या भावाचं कुरण तिनं इतकं पोखरलं होतं, की गवत सतरंजीसारखं गुंडाळता येई. गाई विकायची वेळ आली होती. त्याच कुरणात बाईंना काही अळ्या मधासारख्या पिवळ्या पडलेल्या सापडल्या. त्या जिवंत होत्या, पण खात नव्हत्या. त्यांना आजारी पाडणारा जिवाणू ओळखता आला, तर तोच बाकीच्या अळ्यांवर सोडता येणार होता.

बाईंनी त्या अळ्यांच्या आतड्यातला रस जिवाणूंचं खाद्य घातलेल्या काचेच्या बशांत पसरला आणि बशा माझ्या स्वाधीन केल्या. दोनदा त्या कोऱ्याच निघाल्या, आत काहीच उगवलं नव्हतं. हा आजार जिवाणूचा नसावा, असं बाईंनी भावाला फोनवर कळवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आत चाळीस अंशांच्या वर ताप चढला होता आणि काटा आपला अठ्ठावीसवर.

आता चारच पिवळ्या अळ्या उरल्या होत्या आणि हंगाम सरत आला होता. त्यांच्या बशा आत ठेवून बाईंनी दार लावलं. माझ्या तारा तापू लागल्या. मी भीतीनं थरथरत होतो. जुनी मोटर घरघरतेय, असं सगळ्यांना वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सफाईच्या मावशी मला पुसायला आल्या. त्यांचा हात थांबला. मग त्यांनी तळहाताची मागची बाजू माझ्या दाराला लावली.

"बाई, पेटीला ताप आलाय."

बाईंनी मान वर न करता काटा बघायला सांगितलं.

"काट्याचं राहू द्या. पोरांचा ताप मी हातानंच ओळखलाय. या, तुम्ही हात लावा."

बाईंनी हात लावला आणि झटकन मागे घेतला. तीन बशांतलं खाद्य सुकून आकसलं होतं. दाराजवळची एक तेवढी ओलसर होती. ती त्यांनी टेबलावर ठेवली. दोन दिवस मी रिकाम्या पोटानं तिच्याकडे बघत होतो. तिसऱ्या दिवशी तिच्यावर सायीच्या रंगाचे ठिपके उमटले.

ते ठिपके गाजराच्या तुकड्यांना लावून बाईंनी निरोगी अळ्यांना दिले. थोड्याच दिवसांत त्या अळ्याही पिवळ्या पडल्या आणि गाजर तसंच राहिलं. त्यांच्या पोटातूनही तेच ठिपके उगवले, तेव्हा बाईंनी फोन उचलला.

"गाई विकू नकोस. एवढं वर्ष थांब."

माझा काटा आता बदलला आहे. भीती मात्र गेलेली नाही. दोन खेपांच्या बशा माझ्या पोटात मेल्या आणि मी कौतुक ऐकत उभा होतो. मित्रांनो, तुमच्याकडेही असं कुणी असेल, यंत्र किंवा माणूस, ज्याची कधीच तक्रार येत नाही. त्याचं कौतुक थोडं कमी केलंत तरी चालेल, पण अधूनमधून त्याला हात लावून बघा.